तिकीट सगळ्यात शेवटी

वाचकांचे प्रश्न

(मागच्या अंकात तामिळनाडूतल्या छावण्यांमध्ये राहणाऱ्या श्रीलंकन तमिळ निर्वासितांवर लेख होता. जुलै 1983 च्या दंगलींपासून पुढची जवळजवळ तीन दशकं ही माणसं लाटा-लाटांनी समुद्र ओलांडून आली. मे 2009 मध्ये युद्ध संपलं, तरी अठ्ठावन्न हजारांच्या आसपास लोक अजून छावण्यांत आहेत आणि तीसेक हजार बाहेर भाड्याने राहतात. लेखावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच होता: परत जायचं ठरवलं तर नेमकं अडतं कुठे? कायदा आणि पुनर्वसन या दोन्ही बाजू जाणणाऱ्यांकडून ही उत्तरं घेतली आहेत.)

युद्ध संपून पंधरा वर्षं उलटली. विमानाचं तिकीट फुकट मिळतं म्हणे. मग ही मंडळी जात का नाहीत? इथल्या सवलती सोडवत नाहीत, असं म्हटलं तर चुकेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

चुकेल. 2021 मध्ये तामिळनाडू सरकारने वाढ केल्यानंतरही छावणीतल्या कुटुंबप्रमुखाला महिन्याला 1,500 रुपये, इतर प्रौढांना 1,000 आणि मुलांना 500 रुपये मिळतात, शिवाय रेशनचा तांदूळ. एवढ्यावर घर चालत नाही. छावणीतले बरेचसे पुरुष रंगकाम, बांधकाम, हमाली अशा रोजंदारीवर असतात.

खरं कारण जुनं आहे. हे लोक याआधी परत गेलेले आहेत. 29 जुलै 1987 ला भारत-श्रीलंका करार झाला तेव्हा बरेच जण परतले आणि जून 1990 मध्ये युद्ध पुन्हा पेटल्यावर जीव घेऊन इकडे आले. राजीव गांधींच्या हत्येनंतर 1992 ते 1995 या काळात सुमारे चोपन्न हजार जणांना परत पाठवलं गेलं. ते खुशीने जात आहेत की दबावाने, यावर इतका आक्षेप घेतला गेला की संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाला (यापुढे यूएनएचसीआर) 1992 मध्ये चेन्नईत कार्यालय उघडून प्रत्येकाची इच्छा तपासावी लागली. एप्रिल 1995 मध्ये पुन्हा युद्ध, पुन्हा होड्या. दुधाने दोनदा तोंड पोळलेल्या माणसाने ताक फुंकून प्यायलं तर त्याला आळशी म्हणू नये.

दुसरं म्हणजे, 1990 मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा आज पंचेचाळिशीत आहे. त्याची मुलं इथेच जन्मली, इथल्या शाळेत शिकली. त्यांच्या दृष्टीने हे परत जाणं नाहीच, पहिल्यांदा परदेशी जाणं आहे. म्हणून 'कुटुंब परत जातंय' हे वाक्य आम्ही जरा जपून वापरतो. अनेक घरांत आजी निघायला तयार असते आणि नातवंडं नसतात.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचं कुटुंब छावणीत राहतं आणि आता श्रीलंकेला परतायचं म्हणतंय. वडील विचारतात, कोणती कागदपत्रं, कोणत्या क्रमाने? मला नेमकं सांगता येत नाही.
– एक शिक्षिका, कोइम्बतूर

क्रम चुकला की वर्ष-दोन वर्षं जातात, म्हणून याचं उत्तर सविस्तर देतो. तिकीट सगळ्यात शेवटी. निम्म्याहून जास्त काम भारतात असतानाच उरकायचं असतं, कारण तिकडे गेल्यावर भारतातला दाखला दुरुस्त करून आणणं फार जिकिरीचं होतं.

आधी आई-वडिलांचे जुने श्रीलंकन कागद गोळा करायचे: जन्मदाखला, राष्ट्रीय ओळखपत्र, विवाहनोंद, शाळेचा दाखला, जुनं कूपन कार्ड. मूळ कागद नसेल तर झेरॉक्स, तीही नसेल तर निदान क्रमांक. जुन्या ओळखपत्राचा क्रमांक फार मोलाचा असतो. तो नऊ आकडी, शेवटी इंग्रजी व्ही किंवा एक्स. पहिले दोन आकडे जन्मवर्षाचे, पुढचे तीन त्या वर्षातला कितवा दिवस ते सांगतात, आणि बाई असेल तर त्या तीन आकड्यांत 500 मिळवलेले असतात. म्हणजे क्रमांक 68553 ने सुरू होत असेल तर ती बाई 1968 च्या त्रेपन्नाव्या दिवशी, 22 फेब्रुवारीला जन्मली. हे सांगायचं कारण असं की, होडीतून उतरल्यावर रामेश्वरमजवळच्या मंडपमच्या छावणीत घाईगर्दीत जन्मतारीख अंदाजाने लिहिली गेली आणि पुढे तीच सगळ्या भारतीय कागदांवर चढली, अशी कुटुंबं बरीच आहेत. दोन तारखा जुळत नसतील तर ते अर्ज करण्याआधी कळलेलं बरं.

जन्मदाखला हरवला असेल तर जन्म जिथे नोंदला त्या भागातल्या विभागीय सचिवालयातून नक्कल मिळते. तिकडचा एखादा नातेवाईक अर्ज करू शकतो. नोंदणी क्रमांक माहीत असेल तर काम सोपं, नसेल तर वर्षावर्षाच्या नोंदवह्या चाळाव्या लागतात. उत्तरेतली काही दप्तरं युद्धात नष्ट झाली. नोंद सापडलीच नाही तर 'अंदाजे वयाचा दाखला' काढायची सोय तिकडच्या कायद्यात आहे.

मग आई-वडिलांचं लग्न. छावणीत लग्न देवळात झालेलं असतं आणि नोंदवायचं राहून गेलेलं असतं. विवाहनोंद नसली की मुलांच्या नागरिकत्वाचा अर्ज तिथेच थांबतो. तामिळनाडूत 2009 च्या कायद्याने विवाहनोंदणी सक्तीची आहे. आधी ती करून घ्यावी.

त्यानंतर मुलं, आणि सगळ्यात जास्त अडतं ते इथेच. श्रीलंकेच्या 1948 च्या नागरिकत्व कायद्यानुसार देशाबाहेर जन्मलेलं मूल आपोआप नागरिक होत नाही. जन्मापासून एका वर्षाच्या आत वकिलातीत नोंद करायची असते. उशीर झाला तर मंत्र्यांच्या परवानगीने ती नंतर होते. चेन्नईतल्या श्रीलंकेच्या उप उच्चायुक्तालयात मुलाचा भारतीय जन्मदाखला, दोन्ही पालकांचे श्रीलंकन जन्मदाखले, विवाहनोंद आणि छावणीचं ओळखपत्र जोडून अर्ज द्यायचा. इथे अर्ज परत येतो तो बहुधा नावाच्या स्पेलिंगवरून. बापाच्या लंकेतल्या दाखल्यावर शिवकुमारन, मुलाच्या भारतीय दाखल्यावर बापाचं नाव शिवकुमार. आद्याक्षर एकीकडे पुढे, एकीकडे मागे. कारकुनाच्या लेखी ही दोन माणसं. भारतीय दाखला नगरपालिकेतून दुरुस्त करून घ्यावा, आणि ते जमण्यासारखं नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं. दोघांपैकी दुरुस्ती केव्हाही भक्कम, कारण प्रतिज्ञापत्र प्रत्येक कचेरीत नव्याने समजावत बसावं लागतं.

मुलांचे कागद हातात आल्यावरच यूएनएचसीआरकडे स्वेच्छेने परतण्याचा अर्ज करायचा. तिथे कुटुंबातल्या प्रौढांशी बोलून खरंच जायची इच्छा आहे का ते बघतात. सोबत छावणीच्या बाजूने जिल्हाधिकारी कचेरी, पुनर्वसन आयुक्तालय आणि पोलिसांची क्यू ब्रँच (गुप्तवार्ता शाखा) यांच्याकडून देश सोडायची परवानगी लागते. कोणावर फौजदारी खटला चालू असेल, अगदी किरकोळ भांडणाचा असला तरी, परवानगी अडकते. तो आधी निकाली काढावा. पासपोर्ट नसलेल्यांना उप उच्चायुक्तालय तात्पुरता प्रवास दस्तऐवज देतं. हे सगळं जमलं की तिकीट.

कुटुंब मूळचं चहामळ्यांतलं, म्हणजे भारतीय वंशाच्या डोंगरी तमिळांपैकी असेल तर प्रश्न वेगळा. 1964 च्या शास्त्री-सिरिमावो करारात यांची वाटणी झाली होती आणि अनेकांकडे ना भारताचं, ना लंकेचं नागरिकत्व उरलं. त्यांच्यासाठी श्रीलंकेने 2003 मध्ये वेगळा कायदा केला आणि 2009 च्या दुरुस्तीने युद्धामुळे भारतात आलेल्यांनाही त्यात घेतलं. अशांनी नेहमीच्या वंशाधारित अर्जात वेळ घालवू नये.

या कामात ओफर ही संस्था मदत करते. 1984 पासून निर्वासितांनी स्वतःच चालवलेली ही संस्था आहे आणि तिचं काम समुद्राच्या दोन्ही काठांवर आहे. दलालाला पैसे देण्याआधी तिथे विचारावं.

विमानाने जातात की बोटीने?
– एक वाचक, रत्नागिरी

यूएनएचसीआरमार्फत जाणारे विमानाने जातात. लोकांना मात्र बोट हवी असते, कारण वीस-तीस वर्षांचा संसार, शिलाई मशीन, मिक्सर, भांडी, विमानाच्या वजनमर्यादेत बसत नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये तुतिकोरीन-कोलंबो बोटीने काही कुटुंबं गेलीही, पण ती सेवाच थोड्या दिवसांत बंद पडली. नागपट्टिनम ते उत्तर श्रीलंकेतल्या जाफन्याजवळच्या कांकेसंतुरै बंदरापर्यंतची प्रवासी बोट ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाली. ती पावसाळी हवेत बंद असते आणि तिच्यातही सामानाला मर्यादा आहेच. मासेमारीच्या होडीतून चोरून जाऊ नये. पैसे वाचतात, पण परतल्याचा कसलाही पुरावा राहत नाही आणि पुढचा प्रत्येक कागद अडतो.

परतलेल्या एका वृद्धाला विमानतळावरच अटक झाल्याचं वाचलं. यूएनमार्फत गेलेल्यालाही हे होऊ शकतं?
– एक वकील, नाशिक

झालं आहे. मे 2025 मध्ये जाफन्याच्या पलाली विमानतळावर उतरलेल्या पंचाहत्तरीच्या एका गृहस्थांना ताब्यात घेतलं गेलं. गुन्हा कोणता? कैक वर्षांपूर्वी पासपोर्टाशिवाय, अधिकृत बंदर सोडून इतर ठिकाणाहून देश सोडल्याचा. श्रीलंकेच्या प्रवेश-निर्गमन कायद्यात हा गुन्हा आहे आणि युद्धातून पळालेल्यांसाठी त्यात सरसकट सूट नाही. गदारोळ झाला, सरकारमधल्या एका मंत्र्याने हे चुकीचं झाल्याचं मान्य केलं, त्या गृहस्थांची सुटका झाली. पण संगणकावरचं नाव लाल दिसलं की तिथला अधिकारी कायद्याप्रमाणेच वागणार. हा दोष कायद्यातला आहे आणि मंत्र्याच्या तोंडी आश्वासनाने तो दूर होत नाही.

म्हणून निघण्याआधी दोन गोष्टी. यूएनएचसीआरची परतीची व्यवस्था त्या घडीला चालू आहे का आणि विमानतळावर त्यांचा माणूस घ्यायला येणार का, हे विचारून घ्यावं. आणि परतीच्या अर्जाची व निर्वासित नोंदणीची प्रत चेक-इन केलेल्या बॅगेत नाही, हातात ठेवावी. शिवाय तिकडच्या एका वकिलाचा नंबर कागदावर लिहून घ्यावा, कारण फोन काढून घेतला जाऊ शकतो.

मी 1988 मध्ये शांतिसेनेबरोबर जाफन्यात होतो. पलालीच्या तळाभोवती रिकामी पडलेली गावं पाहिली होती. त्या लोकांना त्यांची घरं मिळाली का?
– एक निवृत्त सुभेदार, सातारा

काहींना मिळाली, बऱ्याच उशिराने, आणि जी मिळाली ती घरं नव्हती.

तुम्ही म्हणता तो भाग वलिकामम उत्तर. 1990 नंतर तो अतिसुरक्षित क्षेत्र म्हणून बंद झाला आणि युद्ध संपल्यावरही खुला झाला नाही. उलट एप्रिल 2013 मध्ये सरकारने तिथली 6,381 एकर जमीन संपादित करायची नोटीस लावली. जमीनमालकांपैकी कोणी कोलंबोत, कोणी टोरांटोत, कोणी तिरुवण्णामलैच्या छावणीत. नोटिसा चिकटवल्या त्या गावातल्या झाडांना आणि भिंतींना. 2015 नंतर टप्प्याटप्प्याने जमिनी सुटू लागल्या, तरी सगळ्या सुटलेल्या नाहीत. सुटलेल्या जागेवर परतलेल्यांना घर पाडलेलं, विहीर बुजवलेली आणि बुलडोझर फिरून बांध गेलेला, असं चित्र दिसलं. बांधच नाही तर शेजाऱ्याची हद्द कुठली? आधी मोजणी, मग भांडण, मग घर.

आपल्याकडे जशी सातबाऱ्यावर नजर टाकली की अंदाज येतो, तसं तिथे नाही. खाजगी जमिनीचं नोटरीने केलेलं खरेदीखत असतं. जाफन्याच्या दक्षिणेकडच्या वन्नीच्या भागात मात्र बऱ्याच जमिनी सरकारी, 1935 च्या जमीन विकास कायद्याखाली 'परमिट'वर दिलेल्या. परमिटाची जमीन विकता येत नाही, तिथे राहावं आणि कसावं लागतं, आणि परमिटधारक वारला व वारस नेमलेला नसला तर कायद्यातल्या क्रमाने वारस ठरतो. जुन्या क्रमात मुलींच्या आधी मुलगे होते. पंचवीस वर्षं छावणीत असलेल्या कुटुंबाने 'राहावं आणि कसावं' ही अट मोडलीच आहे, असा अर्थ एखादा अधिकारी काढतो आणि परमिट दुसऱ्याला देऊन टाकतो. ते परत मिळवायचं तर विभागीय सचिवांच्या जमीन शाखेत, विस्थापित झाल्याचा पुरावा जोडून, दाद मागायची. छावणीचं कार्ड हाच तो पुरावा. म्हणून परतताना ते जमा करून घेणार असतील तर आधी साक्षांकित प्रत काढून ठेवावी.

खाजगी जमिनीत दुसऱ्याची वहिवाट हा मोठा फास आहे. तिथल्या कायद्याने दहा वर्षं बिनविरोध ताबा असला की ताबेदार मालकी मागू शकतो. युद्धामुळे जे विरोध करायला तिथे नव्हतेच त्यांच्यासाठी 2016 मध्ये खास कायदा झाला: 1 मे 1983 ते 18 मे 2009 हा काळ दहा वर्षांच्या मोजणीतून वगळायचा. कायदा चांगला, पण त्याला मुदतीच्या अटी होत्या आणि छावण्यांमध्ये त्याची खबर फारशी पोचली नाही. आज त्याचा आधार मिळेल का हे जाफना किंवा वावुनियातल्या वकिलालाच विचारावं लागेल. शिवाय ताबेदार नेहमी लबाड असतो असंही नाही. तो स्वतः दुसऱ्या गावातून हुसकलेला असू शकतो. ऑक्टोबर 1990 मध्ये लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेने उत्तरेतल्या सगळ्या मुसलमानांना काही तासांची मुदत देऊन बाहेर काढलं. ते सत्तर हजारांवर लोक पुत्तलमकडे गेले आणि परतल्यावर त्यांनाही हेच भोगावं लागलं.

एक ताजं उदाहरण. 28 मार्च 2025 च्या राजपत्रात उत्तर प्रांतातल्या जवळपास 5,900 एकर जमिनीबद्दल जाहीर झालं की तीन महिन्यांत कोणी हक्क सांगितला नाही तर ती सरकारजमा होईल. भारतातल्या छावणीत बसलेल्या माणसाने तीन महिन्यांत खरेदीखत शोधून अर्ज कसा करावा? सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि सरकारने पाऊल मागे घेतलं. पण अशी नोटीस पुन्हा निघणार नाही याची हमी नाही. म्हणून परतायचं असो वा नसो, ज्याची जमीन आहे त्याने तिकडच्या भरवशाच्या नातेवाइकाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करावं. ते चेन्नईच्या उप उच्चायुक्तालयात साक्षांकित करून तिकडे नोंदवायचं, आणि त्यात 'विकण्याचा अधिकार नाही' हे स्पष्ट लिहायचं. हे वाक्य नसल्यामुळे सख्ख्या भावांमध्ये कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत.

बायकांचं आणखी एक. जाफन्याच्या तमिळांना तेसवलमै हा पारंपरिक कायदा लागू आहे. त्यात बायकोच्या स्वतःच्या नावावरची, हुंड्यात मिळालेली जमीनसुद्धा नवऱ्याच्या लेखी संमतीशिवाय विकता किंवा गहाण टाकता येत नाही. नवरा 2009 पासून बेपत्ता असेल तर? मृत्यूचा दाखला घ्यायला अनेक जणी तयार नसतात, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. एकदा मेला म्हटलं की कोणी शोधणार नाही. 2016 च्या दुरुस्तीने अशांना 'अनुपस्थितीचा दाखला' मिळतो. त्याला मुदत असते, ती संपण्याआधी नूतनीकरण करावं लागतं.

आमचे आजोबा 1947 मध्ये सिंधहून कल्याण कॅम्पात आले. जमीन गेली ती गेली. या लोकांनीही तसंच का मानू नये?
– एक वाचक, उल्हासनगर

तुमच्या आजोबांना नागरिकत्व मिळालं आणि 1954 च्या कायद्याने पाकिस्तानात राहिलेल्या मालमत्तेबद्दल दावा करून भरपाईही मागता आली. श्रीलंकन तमिळांना भारतात यातलं काही नाही. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आणि 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीतल्या देशांत श्रीलंका नाही. भारतात जन्मलेल्यांपैकी 1 जुलै 1987 पूर्वी जन्मलेला तेवढा जन्माने भारतीय. मंडपम छावणीत 1986 मध्ये जन्मलेल्या एका बाईंना या मुद्द्यावर मद्रास उच्च न्यायालयात जाऊन 2022 मध्ये पासपोर्टाचा हक्क मिळवावा लागला. दोन वर्षं उशिरा जन्मलेल्या तिच्या शेजारणीला तो नाही. जमीन गेली असं मानायला पायाखाली दुसरी जमीन लागते.

विहिरी आणि भूसुरुंग यांबद्दल ओझरतं लिहिलं होतंत. मी पाणलोट क्षेत्राच्या कामात आहे, सविस्तर वाचायला आवडेल.
– एक अभियंता, यवतमाळ

आधी सुरुंग. जाफना आणि किलिनोच्ची यांच्यामधल्या मुहमालैला दोन्ही सैन्यांची आघाडी कित्येक वर्षं एकाच जागी होती, त्यामुळे तिथे सुरुंगांच्या रांगांवर रांगा आहेत. हेलो ट्रस्ट, मॅग आणि दॅश या संस्था हाताने माती खरवडत ती साफ करतात. श्रीलंका डिसेंबर 2017 मध्ये सुरुंगबंदी करारात सामील झाली, काम बरंच उरकलं आहे, पण संपलेलं नाही. परतलेल्याने आपल्या प्लॉटबद्दल ग्रामनिलधारींना (आपल्याकडचा तलाठी समजा) विचारावं की जागा साफ करून ताब्यात दिल्याचा कागद आहे का. कवटीची लाल पाटी असेल तिथे प्रश्नच नाही. धोका असतो तो पाटी नसलेल्या ठिकाणी दोन कामांत: माजलेलं रान पेटवून साफ करणं, कारण उष्णतेने जमिनीतला न फुटलेला गोळा फुटतो, आणि भंगार गोळा करणं. पोटासाठी लोखंड विकणारे यात सापडतात.

आता विहीर. जाफन्याच्या द्वीपकल्पात बारमाही नद्या नाहीत. चुनखडीतलं पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं, तेवढाच साठा. वीस-पंचवीस वर्षं पडून राहिलेल्या विहिरीत गाळ, झाडोरा, मेलेली जनावरं आणि कधी कधी टाकून दिलेला दारूगोळा असतो. म्हणून पहिल्यांदा सुरुंग पथकाकडून तपासणी. तोवर आत माणूस उतरवायचा नाही. मग उपसा, आणि चूक होते ती इथेच. मोठा पंप लावून विहीर एका दमात कोरडी केली की खालचं खारं पाणी वर चढतं आणि विहीर कैक महिने मचूळ होते. लहान पंपाने, थांबत थांबत उपसायचं. गाळ काढून भिंती घासून झाल्या की ब्लीचिंग पावडर. 3 मीटर व्यासाच्या विहिरीत 2 मीटर पाणी असेल तर साधारण 14,000 लिटर होतं. लिटरला 50 मिलिग्रॅम क्लोरीन धरलं तर 700 ग्रॅम क्लोरीन, म्हणजे 30 टक्के ताकदीची सुमारे अडीच किलो पावडर. पावडर जुनी, ओलसर असेल तर ताकद निम्म्यावर आलेली असते. बादलीत कालवून, निवळ पाणी ओतायचं, एक रात्र ठेवायचं, मग वास जाईपर्यंत हळूहळू उपसायचं. हे जंतूंपुरतं झालं. खारेपणा आणि खतांमुळे आलेलं नायट्रेट क्लोरीनने जात नाही. घरात तान्हं मूल असेल तर ते पाणी तपासून घ्यावं.

आरोग्याचं एक इथेच सांगतो. श्रीलंका सप्टेंबर 2016 पासून मलेरियामुक्त आहे, भारत नाही. भारतातून परतलेल्याला ताप आला तर त्याने डॉक्टरांना 'भारतातून आलो' हे आपणहून सांगावं. तिथल्या तरुण डॉक्टरच्या पाहण्यात मलेरिया आलेलाच नसतो.

शाळेचं काय? मूल दहावीत असेल तर थांबावं का?
– एक पालक, पुणे

थांबावं. नववी-दहावीत उचललेलं मूल दोन्हीकडून जातं. तिकडे अकरावीच्या शेवटी ओ-लेव्हल आणि तेरावीच्या शेवटी ए-लेव्हल. अभ्यासक्रम वेगळा, सिंहला भाषा नव्याने, आणि उत्तरेत माध्यम तमिळ. चेन्नईकडे इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलाला तमिळ बोलता येतं, तमिळमधून विज्ञान लिहिता येत नाही. एक तर पाचवीच्या आत न्यावं, नाहीतर इथली बारावी किंवा पदवी पुरी करून. पदवी असेल तर तिच्यावरचं परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन निघण्याआधी करून घ्यावं. इंग्रजी आणि संगणक या दोन गोष्टींत ही मुलं तिकडच्या मुलांच्या पुढे असतात. हे कोणी त्यांना सांगत नाही; वर्गात 'इंडियन' म्हणून चिडवतात तेवढं.

तिकडे गेल्यावर घर आणि रोजगार? आणि जमलंच नाही तर परत भारतात येता येतं का?
– एक वाचक, डोंबिवली

घरासाठी सगळ्यात मोठी योजना भारत सरकारचीच होती: उत्तर आणि पूर्वेत 46 हजार घरं, प्रत्येकी साडेपाच लाख श्रीलंकन रुपये, बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे थेट लाभार्थ्याच्या खात्यात. उशिरा परतलेल्यांचा तो काळ हुकला. आता ज्या लहानसहान योजना येतात त्यांची पहिली अट जमिनीचा कागद हीच असते, म्हणून वर जमिनीवर एवढं लिहिलं.

सुरुवातीला करायचं ते असं: पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच ग्रामनिलधारींकडे नोंद, रहिवासाचा दाखला, मग त्यांच्यामार्फत राष्ट्रीय ओळखपत्राचा अर्ज. फोटो कुठल्याही स्टुडिओतला चालत नाही, विभागाने मान्य केलेल्याच स्टुडिओतला लागतो. ओळखपत्राशिवाय बँक खातं नाही, सिमकार्ड नाही, सरकारी परीक्षा नाही. ते येईपर्यंतचे महिने सगळ्यात तंगीचे, आणि याच काळात दारात आठवडी हप्त्याची मायक्रोफायनान्सवाली येते. उत्तरेतल्या बायका या कर्जांत इतक्या बुडाल्या की 2018 मध्ये सरकारला दुष्काळी भागातली एक लाखापर्यंतची कर्जं माफ करावी लागली. निदान पहिली कमाई सुरू होईपर्यंत यांच्याकडून घेऊ नये.

मासेमार कुटुंबांनी आणखी एक हिशेब करावा. मन्नार आणि जाफन्याचा किनारा तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरांनी ओरबाडला आहे. श्रीलंकेने 2017 मध्ये तळजाळ्यांवर बंदी आणली, तरी रात्री येणाऱ्या बोटी तामिळनाडूच्या असतात. कालपर्यंत ज्या किनाऱ्याने आसरा दिला त्याच किनाऱ्याच्या बोटी जाळी फाडून जातात, आणि हे तिकडे उघड बोलायचीही चोरी. फायबरची लहान होडी, इंजिन आणि जाळी यांचा खर्च आधी धरावा, आणि गावच्या मच्छीमार सोसायटीचं सभासदत्व मिळतंय का ते निघण्याआधी नातेवाइकामार्फत विचारावं. सोसायटीबाहेरच्याला डिझेलपासून लिलावापर्यंत सगळीकडे अडचण येते.

परत भारतात? देश सोडायच्या परवानगीवर गेलेल्याची छावणीतली नोंद संपते. त्यानंतर तो श्रीलंकन पासपोर्टावर, व्हिसा काढून, पाहुणा म्हणूनच येऊ शकतो. छावणीतली खोली, मदत, मुलांच्या शाळेची सोय यातलं काही पुन्हा मिळत नाही. 'जाऊन बघून येतो' अशी मुभा या व्यवस्थेत नाही. म्हणून अनेक घरं आधी एका वडीलधाऱ्या माणसाला पाठवतात. तो जमीन बघतो, ओळखपत्र काढतो, विहीर उपसतो आणि मग बाकीच्यांचा अर्ज पडतो. यात खर्च वाढतो आणि घर वर्षभर दोन देशांत विभागलं जातं, तरी आमच्या मते हाच मार्ग बरा. फक्त आधी जाणाऱ्या माणसाच्या नावावर इथलं बँक खातं असेल तर ते निघण्यापूर्वी बंद करावं किंवा मागे राहणाऱ्याचं नाव त्यात जोडावं, आणि मुलांच्या अर्जावर लागणाऱ्या त्याच्या सह्या, अंगठे आणि संमतीपत्रं उप उच्चायुक्तालयात साक्षांकित करून मागे ठेवावीत.